बॅरेल बदलण्याआधी दस्ता उघडून बघा

आधी एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात मांडतो. मुलगी कोल्हापुरात .22 रायफलीनं प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारते. रायफल सेकंडहँड, अक्रोडाच्या लाकडी स्टॉकची, म्हणजे दस्त्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहापैकी आठ-नऊ शॉट दहाच्या रिंगेत पडत होते. जुलै लागला आणि ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) उभा पसरायला लागला, शिवाय झीरो (साइट जुळवून ठरवलेली गोळी पडण्याची जागा) रोज थोडा थोडा डावीकडे सरकतो. गोळ्यांचे तीन लॉट बदलून झाले, बॅरेल साफ करून झालं, पोझिशन ठीक आहे असं कोच सांगतात. एका दुकानदारानं ‘बॅरेल गेलं, नवं घाला’ असा सल्ला दिला. वडिलांचं विचारणं एवढंच, की खर्च करू का?

करू नका. निदान अजून नको. गेली 27 वर्षं मी रायफलींचे स्टॉक दुरुस्त करतो आणि बसवतो. माझे वडील सुतार, त्यामुळे लाकडाची ओळख बंदुकीच्या आधीची. तेवढ्या अनुभवावर सांगतो, झिजलेलं बॅरेल फेब्रुवारीत चांगलं आणि जुलैत वाईट असं वागत नाही. .22 ची शिशाची गोळी मऊ आणि वेगही कमी, त्यामुळे नीट सांभाळलेलं मॅच बॅरेल हजारो गोळ्या सहज पचवतं. ऋतू बदलला की रायफलीचा स्वभाव बदलतो, याचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलणारी वस्तू तिच्यात कुठंतरी आहे. लोखंड आषाढात फुगत नाही. लाकूड फुगतं. घरातलं जुनं सागवानी दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं, तेच तुमच्या मुलीच्या हातातल्या फोरेंडमध्ये (स्टॉकच्या पुढच्या भागात) घडतंय, असा माझा पहिला संशय आहे.

किती फुगतं? अक्रोडाचं लाकूड रेषांच्या लांबीला जवळजवळ हलत नाही, पण आडवं हलतं. लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी वाढला तर 5 सेंटीमीटर रुंदीचा तुकडा सुमारे अर्धा मिलीमीटर वाढू शकतो. बॅरेल आणि फोरेंडच्या खोबणीत मुळात अर्धा-पाऊण मिलीमीटरच फट असेल आणि लाकूड थोडं जरी पिळवटलं, तरी एक बाजू बॅरेलला टेकलीच म्हणून समजा. खोबणीला आतून पॉलिश नसेल तर काम आणखी सोपं. बाहेरून आरशासारखं चकचकीत आणि आतून कोरडं लाकूड, असे स्टॉक मी शेकड्यानं उघडलेत. पाणी आतूनच शिरतं.

आता हे टेकणं एवढं महाग का पडतं, ते नीट समजून घ्या, कारण यात एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ‘अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये हलते, म्हणून नेम चुकतो’ असं सगळे म्हणतात. (अ‍ॅक्शन म्हणजे बॅरेलमागचा, बोल्ट बसतो तो लोखंडी भाग.) पण मागची आणि पुढची साइट दोन्ही लोखंडावरच बसलेल्या आहेत. अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये जरा तिरकी बसली तर साइटही तिच्याबरोबरच तिरक्या होणार आणि नेमबाज पुन्हा काळा गोल मधोमध आणणार. नुसत्या तिरकं बसण्यानं गोळी बाजूला जात नाही. गोळी जाते ती दुसऱ्या दोन कारणांनी. एक तर लाकडाच्या दाबानं लोखंड वाकतं. दुसरं म्हणजे शॉट सुटताना रायफल प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं मागं येते.

हे दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही म्हणून हिशोब मांडून दाखवतो. गोळी 2.6 ग्रॅमची, रायफल साधारण 6 किलोची, बॅरेल 65 सेंटीमीटरचं. गोळी पुढं जाते त्या प्रमाणात रायफल मागं सरकते, म्हणजे गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत रायफल पाव मिलीमीटरपेक्षा थोडी जास्त मागं आलेली असते. त्याला वेळ लागतो जेमतेम अडीच-तीन मिलिसेकंद. त्याच वेळेत बॅरेल तारेसारखं थरथरत असतं. ही थरथर बंद करता येत नाही आणि करायची गरजही नाही. ती दर शॉटला सारखी झाली पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे. बॅरेल एका शॉटला लाकडाला घासलं आणि दुसऱ्याला नाही घासलं, की सारखेपणा संपला.

आणि सूट किती आहे बघा. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग 10.4 मिलीमीटरची आणि पुढं प्रत्येक रिंग 8 मिलीमीटर अंतरावर. 50 मीटरवर 8 मिलीमीटर म्हणजे साधारण अर्धा मिनिट कोन (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). बॅरेलच्या लांबीवर तो कोन मोजला तर तोंडाशी एक दशांश मिलीमीटर भरतो, वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा. तिथं एवढासा फरक पडला तर इकडं एक पूर्ण गुण जातो. डेसिमल मोजणीच्या मॅचमध्ये तर त्याच्या दहाव्या हिश्शालाही किंमत आहे.

मग तपासायचं कसं? कुठल्याही तपासणीआधी बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे ते डोळ्यांनी आणि बोटानं बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि ही सगळी कामं परवानाधारकाच्या समोर, रेंजवर किंवा घरीच करा.

पहिली तपासणी कागदाची. ही सगळ्यांना ठाऊक असते आणि बहुतेक सगळे ती चुकीची करतात. रायफल टेबलावर ठेवून बॅरेल आणि फोरेंडच्या मधून कागदाची पट्टी सरकवतात, ती अ‍ॅक्शनपर्यंत गेली की ‘फ्लोटिंग आहे’, म्हणजे बॅरेल लाकडाला टेकत नाही, म्हणून मोकळे होतात. अहो, टेबलावर रायफलीला कोण ओढतंय? मुलीला चटईवर झोपवा, जॅकेट घालायला लावा, स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) मॅचला लावते तेवढीच घट्ट लावू द्या, गाल टेकवून नेम धरू द्या. मग तुम्ही बाजूला बसून पट्टी सरकवा. प्रोनमध्ये स्लिंगचा सगळा ताण हँडस्टॉपमधून (फोरेंडखालच्या हाताच्या अडसरातून) फोरेंडवर येतो आणि फोरेंड खाली, बहुतेकदा डावीकडेही, वाकतं. टेबलावर मोकळं असलेलं बॅरेल स्लिंग लावल्यावर टेकलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. तुमच्या मुलीचा झीरो डावीकडे सरकतोय, म्हणून पट्टी दोन्ही बाजूंनी स्वतंत्र सरकवा आणि कुठं अडते तिथं फोरेंडवर बाहेरून पेन्सिलीनं खूण करा.

दुसरी तपासणी स्क्रूची, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर आहे. कोल्हापुरात राहण्याचा फायदा इथं घ्या. उद्यमनगरात ज्याच्याकडे लेथ आहे त्याच्याकडे मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) असणारच. तासाभरासाठी गेज मागून आणा. रायफल तिकडं न्यायची नाही, गेज आपल्याकडं आणायचं. रायफल बटावर (दस्त्याच्या मागच्या टोकावर) उभी धरा, दुसऱ्या माणसाला घट्ट धरू द्या. स्टँड बॅरेलला चिकटवा आणि गेजची दांडी फोरेंडच्या टोकाला टेकवून सुई शून्यावर आणा. आता पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सावकाश ढिला करा, नजर गेजवर ठेवा. नंतर तो पुन्हा आवळून मागचा ढिला करा. गेजचा एक भाग म्हणजे 0.01 मिलीमीटर. सुई पाच भागांच्या आत राहिली तर अ‍ॅक्शन आपल्या जागेवर निवांत बसलेली आहे. दहा-पंधरा भाग फिरली तर स्क्रू आवळताना तुम्ही लोखंड वाकवताय.

डगमगणारा चौरंग आठवा. एक पाय आखूड असलेल्या चौरंगावर जड माणूस बसला की चारही पाय टेकतात, पण तेवढ्यानं चौरंग सरळ झाला असं होत नाही, वरची फळी पिळवटलेली असते. अ‍ॅक्शनखालचं लाकूड एका ठिकाणी उंच असेल तर स्क्रू आवळून अ‍ॅक्शन टेकते, पण ताणाखाली. त्या ताणातून ती दर शॉटला किंचित सुटते, किंचित परत बसते. तुमचा ग्रुप उभा पसरतोय, त्याचं एक कारण हे असू शकतं. उभा ग्रुप गोळीच्या वेगातल्या फरकानंही पडतो, श्वास नीट न थांबल्यानंही पडतो, म्हणून गेज लावल्याशिवाय ठाम बोलू नये. पण तीन लॉट बदलून फरक पडलेला नाही, कोचनी पोझिशन बघितलेली आहे, तेव्हा संशयाचं बोट इकडंच वळतं.

तिसरी तपासणी काजळाची. अ‍ॅक्शनच्या पोटाला काजळात थेंबभर तेल कालवून पातळ हात द्या, स्टॉकमध्ये बसवा, स्क्रू बोटानं आवळा, पुन्हा सरळ वर उचला. लाकडावर काळे ठसे कुठं उमटले ते बघा. चांगल्या बेडिंगमध्ये, म्हणजे लोखंडाच्या लाकडातल्या बैठकीत, ठसा पुढच्या आणि मागच्या स्क्रूभोवती सारखा, रुंद उमटतो. वाईट बेडिंगमध्ये दोन-चार ठिपके चकचकीत काळे आणि बाकीचं लाकूड कोरं. हे ठसे बघायला मला अजूनही पहिल्या दिवसाइतकीच उत्सुकता असते. रायफल काय सोसत होती, ते ती स्वतः लिहून दाखवते.

याच काजळानं एकदा एका मुलाचं वर्ष वाचवलं. कागलकडचा मुलगा, घरची ऊसशेती, वडिलांनी कष्टानं रायफल घेऊन दिलेली. ग्रुप बिघडला तेव्हा त्यांनी आधी महागडा गोळ्यांचा लॉट आणला, मग मागची साइट बदलली, मग बॅरेलपर्यंत गोष्ट आली. माझ्याकडं आले तेव्हा स्टॉक छान निळा रंगवलेला. रंग कुठं दिला विचारलं, तर गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये. काजळ लावून बसवलं आणि उचललं, तर खोबणीच्या उजव्या कडेला, फोरेंडच्या टोकापासून चार बोटं आत, लांबट काळा ओरखडा. फवाऱ्याचा रंग थरावर थर चढून तिथं गाठ झाली होती. नखानं दाबली तर काचेसारखी टणक. पाइपाला पॉलिश पेपर गुंडाळून वीस मिनिटं घासलं, कडा पातळ वॉर्निशनं बंद केल्या. पुढच्या रविवारी त्याचा जुना ग्रुप परत आला. वडिलांनी टार्गेटचा कागद घडी करून खिशात ठेवला, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता दुरुस्ती. खोबणी टेकत असेल तर वरच्यासारखंच करा: बॅरेलपेक्षा जरा जाड गोल काठी किंवा पाइप, त्यावर पॉलिश पेपर, आणि धीर. स्लिंगच्या पूर्ण ताणाखालीही सगळीकडून दीड मिलीमीटर मोकळं राहील एवढी फट ठेवा. एवढी फट ठेवली तर हे काम आत्ता पावसाळ्यात करायला हरकत नाही. नंतर आतून वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. हा नियम जाड मॅच बॅरेलचा आहे, सरसकट सगळ्या रायफलींचा नाही. जुन्या लष्करी ली-एनफिल्डच्या नंबर 4 मध्ये फोरेंडच्या टोकाशी बॅरेलला खालून काही पौंडांचा दाब मुद्दाम ठेवलेला असायचा, पातळ बॅरेलची थरथर आवरायला. अशा रायफलीचं लाकूड ‘फ्लोटिंग करूया’ म्हणून कोरलं, तर ग्रुप आणखी उघडू शकतो. आपल्याकडं शेतीच्या राखणीसाठी .315 रायफल बाळगणारी मंडळी राधानगरी-भुदरगडकडं आहेत, त्यांनीही मॅच रायफलीचं ऐकून तिच्या लाकडावर छिन्नी चालवू नये.

स्क्रूबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं आणि ते चांगल्या हेतूनं होतं. ढिलं वाटलं की आवळा, आणखी आवळा. उघड्या लाकडावर धातू दाबला की लाकूड चेपतं. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर आवळलेला स्क्रू लाकडाचे तंतू चिरडतो, उन्हाळ्यात लाकूड आकसलं की तोच स्क्रू ढिला पडतो, मग तो पुन्हा आवळला जातो. दोन-तीन वर्षांत अ‍ॅक्शन लाकडात खाली उतरते आणि बॅरेलखालची फट आपोआप संपते. शिकत होतो त्या काळात एका चांगल्या स्टॉकचं असं नुकसान माझ्या हातून झालंय, त्याची खंत अजून आहे. टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पेचकस, घ्या. रायफल बटावर उभी करून दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत असतो, .22 मॅच रायफलींना तो बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास सापडेल. एकदा ठरलेला आकडा वर्षभर तोच ठेवा. स्क्रूभोवती लाकूड आधीच चेपलं असेल तर तिथं अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, म्हणजे पिलर, बसवून घ्यावे लागतील. मग स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो.

गेजची सुई जास्त फिरली तर इपॉक्सी बेडिंग, म्हणजे इपॉक्सी ओतून केलेली नवी बैठक, लागेल. ते मात्र पावसाळ्यात करू नका. दिवाळीनंतर लाकूड सुकून स्थिर झालं की करा. अ‍ॅक्शनला रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) सगळीकडं, भोकांमधूनही, नीट लागला पाहिजे, बॅरेल खोबणीच्या मधोमध राहावं म्हणून त्याला टेपचे वेढे द्यावे लागतात, आणि इपॉक्सी वाळेपर्यंत स्क्रू आवळायचे नाहीत, फक्त अ‍ॅक्शन आपल्या वजनानं बसू द्यायची. जोर लावून आवळलं तर जुना ताण तुम्ही इपॉक्सीत कायमचा ओतून ठेवला. जुन्या स्टॉकच्या मागच्या स्क्रूजवळ तेल मुरून लाकूड काळं, स्पंजासारखं झालेलं असतं, तिथं इपॉक्सी धरत नाही, आधी तेल काढावं लागतं. पहिल्यांदा करत असाल तर हे काम परवानाधारक, बेडिंग केलेल्या माणसाकडूनच करून घ्या. बॅरेल आणि अ‍ॅक्शनच्या लोखंडावरचं कुठलंही काम तर घरी करायचंच नाही, त्याला शस्त्र कायदा 1959 खालचा परवाना लागतो.

स्टॉकच्या ‘फिट’चा दुसरा अर्थ म्हणजे रायफल अंगाला बसणं. त्याकडं आपल्या मुलांच्या बाबतीत फार दुर्लक्ष होतं. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात रायफल घेणाऱ्या घरांची संख्या वाढली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. पण चौदा-पंधरा वर्षांचं पोर सहा महिन्यांत उंच होतं आणि बटप्लेट तिथंच राहते. मान ताणली जाते, गाल दर शॉटला थोडा वेगळा टेकतो, डोळा डायऑप्टरच्या (मागच्या साइटच्या छिद्राच्या) मध्यावरून सरकतो. मुलीला डोळे मिटून पोझिशन घ्यायला सांगा, दोन श्वास सोडू द्या, मग डोळे उघडू द्या. मागच्या छिद्रात पुढची साइट मधोमध दिसली तर चीकपीस (गालाखालचा आधार) आणि बट बरोबर आहेत. डोकं हलवून मधोमध आणावी लागली तर नाहीत. हँडस्टॉप एखाद्या भोकानं जरी सरकवला तरी फोरेंडवरचा ताण बदलतो, त्यामुळं त्याच्या जागेवर खूण करून ठेवा. पुढं ती थ्री पोझिशन मारायला लागेल तेव्हा नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंगचा झीरो वेगवेगळा येईल, कारण प्रोनमध्ये स्लिंग ताणलेली, स्टँडिंगमध्ये स्लिंगच नाही. थोडा फरक येणारच, तो वहीत लिहून साइटच्या क्लिकनं सोडवायचा. फरक फार मोठा आला तर मात्र फोरेंड कुठंतरी टेकतंय असं समजून पुन्हा कागदाची पट्टी हातात घ्यायची.

अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक घेऊ का, हेही पुढं विचाराल. तो ओलाव्यानं फुगत नाही हे खरं, पण त्याचे जोड आणि स्क्रू ढिले होतात आणि मापं चुकली तर तोही अंगाला बसत नाही. तुमचं लाकूड सरळ असेल, तडे नसतील, तर मी ते टाकायला सांगणार नाही.

तुमच्यासाठी क्रम असा. या रविवारी स्लिंग लावून कागदाची पट्टी आणि नंतर डायल गेज. पट्टी अडली तर खोबणी मोकळी करून आतून वॉर्निश. वॉर्निश वाळल्यावर स्क्रू टॉर्कनं बसवून, त्याच लॉटच्या गोळ्यांनी दहा-दहा शॉटांचे पाच ग्रुप मारू द्या आणि कागद तारीख घालून जपून ठेवा. पुढं दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला वहीत चार गोष्टी लिहा: दिवस पावसाचा की उघडीपीचा, दोन्ही स्क्रूंचा टॉर्क, पट्टी कुठं अडली, आणि झीरो किती क्लिक सरकला. दिवाळीनंतर ती वही आणि ते पाच कागद घेऊन या, बेडिंग लागेल की नाही ते त्यावरून ठरवू. बॅरेलचा विषय त्यानंतर.